मुकादम जेवला का?

"घडीबाई, फोन! कुणी जनावरांचे डॉक्टर आहेत म्हणे!"

इस्पितळाच्या धुलाईघरात आठ यंत्रं एकदम फिरत असली की ओरडल्याखेरीज काही ऐकू जात नसे, आणि ओरडण्याचं काम मोठ्या यंत्रावरच्या बाईकडे आपसूकच आलं होतं. सगळे तिला तोफ म्हणत. घडीबाईचं नावही तिनेच पाडलेलं. सत्तावीस वर्षं चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं?

घडीबाई त्या वेळी अपघात विभागातून आलेलं गाठोडं सोडत होती. वरच्याच चादरीत कुणाचा तरी कात्रीने कापून काढलेला शर्ट राहून गेला होता, रक्ताने वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. तिने तो बादलीत टाकला, रबरी मोजे काढले आणि फोन घेतला.

"ससा शुद्धीवर आलाय," पलीकडून एक बाई म्हणाली. "सकाळी ऑपरेशनला दिला होता ना, तो. घ्यायला कुणी आलं नाही अजून."

"माझी सून येणार होती."

"त्यांनी हाच नंबर दिलाय. म्हणाल्या, सासूबाई येतील."

सून तिला असं काहीच बोलली नव्हती. सकाळी ती घरातून निघाली तेव्हा तिच्या एका हातात सशाची टोपली होती आणि दुसऱ्या हातात फुगलेली कापडी पिशवी. सशाला जुने टॉवेल लागतात, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. नात बरोबर होती, पण शाळेच्या कपड्यांत नव्हती. मुलगा दाढी करत होता. आरशातूनच तो म्हणाला होता, "त्याच्याबरोबर तुझंही काही कापून आण. जिभेपासून सुरुवात कर." आणि सून हसली होती. ते हसणं आता आठवलं तेव्हा घडीबाईला कळलं, त्या पिशवीत टॉवेल नव्हते.

"काय गं? गेला का ससा?" तोफेने विचारलं.

"सून गेली. पोरीला घेऊन गेली."

तोफेने हातातलं गाठोडं खाली टाकलं. "सुटली बिचारी," ती म्हणाली. आणि घडीबाईच्या तोंडाकडे बघून तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.

घडीबाईचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. आसपासच्या पाचपन्नास इमारतींत त्याचा शब्द चाले. म्हाताऱ्यांच्या पिशव्या तो चार-चार मजले वर नेऊन द्यायचा, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या बायकांशी दरवाजाबाहेरून असा गोड बोलायचा की त्या रडायच्या थांबत. "मुलगा असावा तर असा," हे वाक्य घडीबाईने इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर काय बोलायचं हेही तिचं ठरून गेलं होतं. दिवसभराचा गोडवा असा बाहेर वाटून झाला की संध्याकाळी घरी जे येई, ते वेगळंच असे. तीन आठवड्यांपूर्वी सशाने त्याच्या कामाच्या पँटवर मुतलं. तो सशाची मान मुरगाळायला निघाला, सून आडवी आली. त्याने तिचा हात धरून कपाटाच्या फटीत घातला आणि दार ढकललं. दोन बोटं मोडली.

त्या वेळी घडीबाई स्वयंपाकघरात होती. तिने नळ पूर्ण सोडला होता. भांड्यांवर पाणी जोरात आपटायला लागलं की पलीकडच्या खोलीतलं फारसं ऐकू येत नाही, हे तिला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत होतं. फरक इतकाच, की तेव्हा ती पलीकडच्या खोलीत असायची आणि नळ तिची सासू सोडायची.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, बारकीशी. तिच्या कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे होते. तिने टोपलीचं झाकण उघडलं. राखाडी रंगाचा, पाठीला पोक काढून बसलेला ससा मान वर करेना. नातीने त्याला मुकादम नाव ठेवलं होतं, कारण खोलीत सोडला की तो चारही कोपऱ्यांची पाहणी केल्याशिवाय बसत नसे. आज त्याची मुकादमी पार उतरली होती. त्याचे दात करकर वाजत होते.

"दुखतंय त्याला," डॉक्टरीण म्हणाली. "हे औषध रोज एकदा. पण आजी, त्याहून महत्त्वाचं काय, तर खाणं. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. सशाचं पोट थांबलं की ससा संपला. खात नसेल तर ही गवताची पूड पाण्यात कालवायची आणि या बिनसुईच्या पिचकारीने गालात, बाजूने, थोडी थोडी द्यायची. दर तीन तासांनी. एक घोट गिळला की मगच दुसरा. आणि लेंड्या बघायच्या. लेंड्या पडल्या की जिंकलो."

"आणि धरायचं कसं?"

"छातीशी. मागच्या पायांखाली हात हवाच. घाबरून झटका मारला तर स्वतःचंच कंबरडं मोडून घेतो. कान धरून तर कधीच उचलू नका." मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "उड्या मारू द्यायच्या नाहीत. घरात शांतता आहे ना?"

घडीबाईने सवयीने मान डोलावली.

डॉक्टरणीने सगळं एका कागदावर लिहून दिलं. औषध, वेळा, दहाव्या दिवशी तपासणी. आणि खाली मालकाचा फोन म्हणून एक नंबर, जो घडीबाईच्या ओळखीचा नव्हता. तिने तो दोनदा वाचला, कागदाची बारीक घडी केली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली.

मुलगा सहाला आला. बूट काढताना म्हणाला, "कुठाय ती?"

"मला काय ठाऊक? मी कामावरून आले."

त्याने कपाट उघडलं. पोरीचे कपडे नव्हते. बायकोचे मात्र होते, चारच कमी असतील, पण कागदपत्रांचा डबा उघडा आणि रिकामा होता. त्याने कपाटाचं दार बिजागरीतून उपटलं. उपटायला वेळ लागला. तो शांतपणे, पाय लावून, काम करावं तसं ते उपटत होता. मग त्याने ते आरशावर घातलं. बायकोचे उरलेले कपडे एकेक करून फाडले. सशाचा पिंजरा खिडकीखाली होता; त्यावर तो दोन्ही पायांनी उभा राहिला आणि जाळी जमिनीला टेकेपर्यंत दाबत राहिला.

घडीबाई स्वयंपाकघरात, ओट्याखाली बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला मुकादम. दर आवाजाला त्याच्या अंगातून वीज गेल्यासारखा झटका जाई, आणि ती त्याच्या मागच्या पायांखालचा हात आणखी वर घेई. तिचा दुसरा हात नळाकडे गेला होता. तो तिने मागे घेतला. नळाचा आवाजही सशाला नको असेल, असं तिला वाटलं. त्यामुळे त्या दिवशी तिने सगळं ऐकलं.

तासाभराने तो दमला. दारात येऊन उभा राहिला. हाताला काच लागून रक्त येत होतं.

"आई," तो म्हणाला, आणि रडायला लागला. "मी तिला काय कमी केलं गं?"

घडीबाईने त्याला जेवायला वाढलं. हाताला पट्टी बांधली. आईवर त्याने कधी हात उगारला नव्हता. या गोष्टीचा तिला, खरं सांगायचं तर, अभिमान होता. तो घास चावता चावता म्हणाला, "सापडली ना, तर पायच ठेवत नाही तिचे." आणि मग, "मीठ दे."

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला टोपलीतून धुलाईघरात नेलं. वाळवणी यंत्रांच्या मागे एक अरुंद, उबदार खोली होती, तिथे तयार चादरींचे थर लागलेले असत. तिने कोपऱ्यात टॉवेल अंथरला. गवत ठेवलं, मुळ्याचा पाला ठेवला. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. आदल्या संध्याकाळपासून एक लेंडी पडली नव्हती. पोटाला हात लावला तर पोट ताणलेल्या चामड्यासारखं.

"घाल त्याच्या तोंडात," तोफ म्हणाली. "माझ्या सासऱ्याला मी असंच पेज पाजून दोन वर्षं जगवलं. त्याची लायकी नव्हती, ते सोड."

घडीबाईने मुकादमाला छातीशी धरलं, तोफेने पिचकारी त्याच्या गालात सरकवली. पहिला घोट त्याने अंगावर उडवला. दुसऱ्याला तोफेच्या अंगठ्याला कडकडून चावला. तोफेने जी शिवी दिली ती ऐकून इस्त्रीवरचा माणूस बाहेर निघून गेला. तिसरा घोट मात्र गळ्याखाली उतरला. मग चौथा.

"यानंच मस्ती जिरते का गं?" रक्ताळलेला अंगठा चोखत तोफेने विचारलं. "म्हणजे या ऑपरेशननं?"

"महिनाभरात शांत होतो म्हणे."

"मग चुकीच्या जनावराला नेलं तुझ्या सुनेनं."

घडीबाईला हसू आलं. आणि ते अर्ध्यावरच गेलं.

"हसू नकोस," तोफ म्हणाली. "मी विनोद म्हणून नाही बोलले. कपाटाच्या दारात बोटं घातली त्याने तिची. तू काय केलंस?"

"मी काय करणार होते?"

"ते मला नको विचारू. तू काय केलंस ते विचारते."

घडीबाई मुकादमाच्या पोटावरून बोटं फिरवत राहिली, डॉक्टरणीने दाखवलं होतं तशी, गोल, हलक्या हाताने. यंत्रं घरघरत होती. मग ती म्हणाली, "तिचा कुडता भिजत घातला. थंड पाण्यात. गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का होतो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

तोफ उठली. दारात जाऊन तिने पाठ वळवूनच म्हटलं, "या धुलाईघरात तुझ्याएवढा डाग कुणाला काढता येत नाही." आणि ती आपल्या यंत्राकडे गेली. त्यानंतर चार वाजेपर्यंत ती घडीबाईशी बोलली नाही. पण दर तीन तासांनी न बोलावता आली, पिचकारी भरली, आणि रुमाल बांधलेला अंगठा पुढे करून मुकादमाचा जबडा धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉवेलावर सात लेंड्या होत्या. लहान, वेड्यावाकड्या, पण सात. घडीबाईने तोफेला हाक मारली. तोफेने इस्त्रीवाल्याला बोलावलं. तिघं जण त्या सात लेंड्यांभोवती, बारशाला जमावं तशी उभी राहिली.

"जिंकलो," घडीबाई म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी फोन आला. पलीकडे नात होती.

"आजी, मुकादम जेवला का?"

"जेवला गं राणी. पिचकारीनं जेवतो. मुळ्याचं एक पान आपण होऊन खाल्लं आज."

"त्याला म्हणावं, मी येणारे." मग फोन दुसऱ्या हातात गेला. सून म्हणाली, "आई."

"बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत. आई, आम्ही इथे..."

"सांगू नकोस," घडीबाई घाईने म्हणाली. "कुठे आहेस ते मला सांगू नकोस. माझ्या पोटात राहील की नाही, माझा मलाच भरवसा नाही."

सून म्हणाली, "कागदावर नंबर आहे माझा. तेवढा सांभाळा." आणि फोन बंद झाला.

घरी पोचली तर मुलगा आधीच आलेला. तो दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. दाढी केलेली, केस विंचरलेले. लिफ्टमध्ये अडकलेल्या बायकांशी बोलायचा तो आवाज लावून म्हणाला, "ये आई. दमलीस? बस."

तिने टोपली पलंगाखाली सरकवली.

"जनावरांच्या दवाखान्यात फोन केला होता मी," तो म्हणाला. "म्हटलं, आमच्या सशाची पुढची तारीख काय. फार गोड मुलगी होती फोनवर. म्हणाली, आजींना सगळं कागदावर लिहून दिलंय. तारीख, औषध. आणि मालकांचा नवा नंबर. फोनवर मात्र देता येत नाही म्हणे." तो उठला. "नवा नंबर, आई. दे तो कागद."

"कामावर राहिला."

"दे."

"राहिला म्हटलं ना!"

त्याने तिच्या स्वेटरकडे पाहिलं. तिचा हात आपोआप खिशावर गेला होता. तो एक पाऊल पुढे आला आणि तिने, आपण काय करतोय हे कळायच्या आत, कागद काढून तोंडात घातला.

तो क्षणभर खरोखर चकित झाला. "थुंक," तो म्हणाला.

ती चावू लागली. जाड कागद होता, लवकर भिजेना. त्याने तिचा जबडा धरला, दोन बोटं गालांत रुतवून दात उघडायला लागला. तिने त्याचा अंगठा दातांत घेतला आणि मिटले. हाडापर्यंत. तो किंचाळला आणि त्याने तिचं डोकं केसांनी धरून पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. दोन दात तिला जिभेवर सुटे जाणवले. ती खाली पडली, तेव्हा मनगट अंगाखाली मुडपलं आणि त्यातून काडी मोडावी तसा आवाज आला. तोंडात कागद, रक्त आणि दात एकत्र झाले होते. ती तोंड मिटून होती.

"थुंकतेस का त्याला मारू?"

त्याने पलंगाखालून टोपली ओढली, उलटी केली, आणि मुकादमाला कान धरून उचललं. सशाचं सगळं वजन त्या दोन कानांवर लटकलं. त्याने हवेत मागचे पाय झाडले, आणि मग तो ओरडला.

ससा ओरडतो हे घडीबाईला माहीत नव्हतं. तो आवाज जनावराचा नव्हता. चार-पाच वर्षांचं मूल भाजल्यावर ओरडेल, तसा. एक सलग, बारीक, न संपणारा. मुलाच्याही अंगावर काटा आला असावा, कारण त्याने त्याला गप्प करण्यासाठी गदागदा हलवलं, आणि तो आवाज आणखी चढला.

जिन्यात दारं उघडली. या घरातून गेली दहा वर्षं आवाज येत होते आणि एकदाही जिन्यातलं दार उघडलं नव्हतं. आता खालचे निवृत्त मास्तर सपाता न घालताच धावत वर आले. त्यांच्यामागे समोरची बाई, तिच्यामागे तिचा नवरा.

"पोरीला काय केलंस रे?" मास्तर दार ढकलून आत आले आणि थबकले. पोर नव्हती. कानाला धरलेला एक ससा होता, त्याच्या पोटाखाली लाल ओघळ, आणि जमिनीवर म्हातारी.

मुलाने ससा खाली सोडला. त्याचा चेहरा एका क्षणात बदलला. घडीबाईने तो बदल खालून, जमिनीवरून पाहिला. "आई पडली, मास्तर," तो म्हणाला. "चक्कर येते हल्ली तिला. बरं झालं तुम्ही आलात."

"अगं बाई," समोरची बाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाही होती.

सगळ्यांनी घडीबाईकडे पाहिलं. काय बोलायचं ते तिच्या ओठांवर तयार होतं. सून जिन्यावरून पडली, सून न्हाणीत घसरली, सुनेला दार लागलं: हे सगळं या मास्तरांना, या बाईला तिनेच वेळोवेळी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वेळोवेळी मानलं होतं.

तिने आधी तोंडातलं गिळलं. कागद गिळला, रक्त गिळलं. मग दोन दात हातावर काढले.

"मी पडले नाही," ती म्हणाली. "यानं मला मारलं. आणि माझी सून कधीच पडली नव्हती. एकदाही नाही."

मुलगा हसला. "डोक्याला लागलंय तिच्या."

"मास्तर, पोलिसांना फोन करा," घडीबाई म्हणाली. "आणि कुणीतरी त्या सशाला उचला. मागच्या पायांखाली हात घाला. कान धरू नका."

मुलगा दाराकडे निघाला तेव्हा समोरच्या बाईचा नवरा, ज्याला कुणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, तो दारात आडवा उभा राहिला. मुलाने त्याला एक ठोसा मारला, त्याचं नाक फुटलं, पण तो हलला नाही. मास्तरांनी मागून मुलाच्या कमरेला मिठी घातली. बहात्तर वर्षांचा माणूस, भिंतीवर आपटला गेला, चष्मा फुटला, तरी मिठी सुटेना. पोलीस येईपर्यंत त्या छोट्या खोलीत तीन पुरुष धापा टाकत एकमेकांत अडकून पडले होते, आणि समोरची बाई कोपऱ्यात टॉवेलात सशाला धरून बसली होती. तिचे दोन्ही हात त्याच्या मागच्या पायांखाली होते.

मुकादमाचा एका बाजूचा टाका उसवला होता. डॉक्टरणीने तो त्याच संध्याकाळी पुन्हा घातला. घडीबाईच्या मनगटाला इस्पितळात प्लास्टर झालं. ज्या चादरीवर तिला झोपवलं ती तिनेच सोमवारी घडी केली असणार, पण पाहायला डोळे उघडे राहत नव्हते. सकाळी पोलीसबाई जबाब घ्यायला आली.

"आजी, पूर्वी कधी तक्रार केली होती?"

"नाही."

"मग आताचं सांगा."

"पूर्वीचंही सांगते," घडीबाई म्हणाली. "लिहायला कागद जास्त घ्या."

ती दीड तास बोलली. कपाटाचं दार, चहाची किटली, नातीच्या वाढदिवसाला झालेली मारहाण. तारखा तिला नीट आठवत नव्हत्या, पण कपडे आठवत होते. पिवळा कुडता, निळी ओढणी, पांढरा झगा. कुठल्या कपड्यावर डाग कुठे होता आणि तो निघायला किती पाणी लागलं. "आणि हे सगळं मी धुतलं," ती शेवटी म्हणाली. "तेही लिहा." पोलीसबाईने वर पाहिलं, आणि लिहिलं.

त्या दिवसापासून तोफ रजा टाकून घडीबाईच्या घरी राहायला आली. एका हाताने सशाला धरता येत नाही, एवढंच कारण तिने दिलं. पुन्हा पिचकारी, पुन्हा पोटावरून बोटं, पुन्हा टॉवेलावर डोळे लावून बसणं. पहिले दोन दिवस मुकादम भिंतीकडे तोंड करून राहिला. कुणी जवळ आलं की मुतायचा. सहाव्या दिवशी त्याने गवताची काडी ओढली. आठव्या दिवशी पिचकारी पंजाने उडवून लावली आणि मुळ्याची अख्खी जुडी फस्त केली. नवव्या दिवशी तोफेच्या चपलेचा पट्टा कुरतडला, आणि मग लंगडत का होईना, खोलीचे चारही कोपरे तपासून आला.

"लागला कामाला मेला," तोफ म्हणाली, आणि एप्रनला नाक पुसलं.

दहाव्या दिवशी दवाखान्यात सून आणि नात आल्या. नात धावत टोपलीशी गेली आणि तिथेच फरशीवर बसून मुकादमाशी हळू आवाजात बोलू लागली. डॉक्टरणीने जखम पाहिली, ठीक आहे म्हणाली. सशाचं वजन केलं. नातीने आकडा स्वतःच्या हातावर लिहून घेतला.

सून भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दोन बोटांना अजून पट्टी होती. तिने सासूच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग तोंडातल्या खिंडीकडे.

"तुम्ही जबाब दिलात, असं मला पोलिसांनी सांगितलं," ती म्हणाली. "त्याचं बरं वाटलं. पण आई, मी तुम्हाला घरी चला म्हणणार नाही. मला तुमचा आवाज ऐकला की अजून नळाचा आवाज ऐकू येतो."

घडीबाईने मान हलवली. "म्हणू नकोस. तसं म्हणशील म्हणून मी आले नाही."

"मुलगी फोन करेल तुम्हाला. रविवारी."

"धुलाईघरातच कर म्हणावं. तिथे मी असतेच."

नातीने टोपली दोन्ही हातांनी उचलली, अगदी सावकाश, जिना उतरावा तशी सपाट फरशीवर पावलं टाकत बाहेर गेली. त्याआधी आजीच्या प्लास्टरवर तिने पेनाने काहीतरी काढलं. ससा असावा. कान फार लांब होते.

मुलाला जामीन नाकारला गेला. खटला उभा राहीपर्यंत कैद्याला घरचे कपडे चालतात, असं मास्तरांनी चौकशी करून सांगितलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात अजून नीट वळत नव्हता, म्हणून घडीबाईने दोन शर्ट आणि दोन पँटींना इस्त्री करायला अख्खी सकाळ लावली. तुरुंगाच्या फाटकाशी रांग होती. आत सोडण्याआधी पहारेकरी प्रत्येक पिशवी तपासत होता.

"भेटायचंय?" त्याने विचारलं.

"नाही. एवढं द्यायचंय फक्त."

"कोण तुम्ही त्याच्या?"

"आई."

पहारेकऱ्याने शर्ट झटकून उलगडले, कॉलरची शिवण बोटांनी चाचपली, बाह्या उलट्या केल्या, खिसे बाहेर काढले. पँटींचंही तसंच केलं. मग सगळं चोळामोळा करून तो पिशवीत कोंबायला लागला.

"थांबा," घडीबाई म्हणाली.

तिने कपडे खिडकीच्या फळीवर परत घेतले. मागची रांग खोळंबली, कुणीतरी कुरकुरलं. तिने बाह्या सरळ केल्या, गुंड्या लावल्या, दुखऱ्या हाताने कॉलर दाबून धरली आणि दोन्ही शर्टांच्या, दोन्ही पँटींच्या पुन्हा घड्या घातल्या, कडेला कड लावून. त्या एकावर एक ठेवून पहारेकऱ्यापुढे सरकवल्या, आणि मागच्या बाईला जागा करून दिली.